नवव्या किलोमीटरवर

लिलाधरने गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

"घे ताई. आता माह्यानं नाही होत. सायकलीवर मासोऱ्या नेईन, पण तिले हात नाही लावत."

"पुन्हा तिथंच?" ज्योत्सनाने विचारलं.

"तिथंच. पांगारबोडीच्या पाळीवर. एक हात इकडं नाही का तिकडं नाही. मी दाबून राहिलो, इंजिन बोंबलून राहिलं, अन् गाडी जशी कोणी मागून धरून ठेवली. उतरून पायलं तं चाकातून धूर. अन् वास." त्याने आत, स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "मोठ्या आईच्या सैपाकाचा वास, ताई. देवाशप्पथ."

"उपाशी गेला असशील."

"जेवून गेलो होतो न! तीन भाकरी खाऊन!"

लिलाधर तिचा चुलतभाऊ. तो खोटं बोलत नव्हता, हे ज्योत्सनाला पक्कं ठाऊक होतं, कारण तोच वास तिलाही आला होता.

तिचे वडील, तुलाराम, कार्तिक संपता संपता गेले. गावच्या तलावातली मासळी वीस वर्षं जुन्या पिकअपमध्ये घालून ते कारध्याच्या बाजूला निघाले होते. गावापासून नऊ किलोमीटरवर रस्त्याला लागून पांगारबोडी आहे. बोडी म्हणजे लहानसा तलाव, भर पावसाळ्यातही छातीच्या वर पाणी नाही. तिच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, गाडी उभी सापडली, दार उघडं. ते खाली काठाशी पालथे पडले होते, गुडघाभर पाण्यात, पिंपाची कडी हातात तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गाव म्हणालं, ढिवराचा माणूस गुडघाभर पाण्यात मरते का गा? पुरात वैनगंगा आडवी कापलेला माणूस!

ज्योत्सना नागपूरला एका ग्रंथालयात काम करायची. तेरवीनंतर ती परत गेलीच नाही. गाडी पहिल्यांदा लिलाधरने नेली, ती पांगारबोडीवर थांबली. मग शेजारच्या गल्लीतल्या एका ड्रायव्हरने नेली, त्याच्याही हातून तिथंच थांबली. तिसऱ्या वेळी ज्योत्सना स्वतः बसली. सातव्या किलोमीटरनंतर गाडी जड व्हायला लागली. ओढ वाढत गेली आणि पाळीवर येऊन चाकं जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. भर दुपार होती. पाण्यावर एक पाणकोंबडी होती, ती गाडी थांबताच आत शिरली आणि वर आलीच नाही, किंवा ज्योत्सनाला दिसली नाही. मग तो वास आला. तापलेल्या लोखंडाच्या मागून येणारा, गोडसर, कडवट, लहानपणी पुऱ्या तळल्या जायच्या त्या कढईचा. पाऊण तासाने पुढच्या चाकातून 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी आपोआप वीतभर पुढे सरकली, कुणीतरी हात सोडल्यासारखी.

घरी येऊन तिने आईला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जिजाबाईला सगळं कळत होतं.

"तुहे बाबाच थांबवते," आई म्हणायची. पहिला महिनाभर हे बोलताना तिचा चेहरा निवायचा, आणि ज्योत्सनाला वाटायचं, असू दे. पण लिलाधर किल्ली ठेवून गेला त्या संध्याकाळी आईने पाटावर बसल्या बसल्या म्हटलं, "ज्योत्सना, उद्या गाडी काढ. मले पांगारबोडीवर सोडून दे."

"कायले?"

"दुनियेले बोलावून राहिले, अन् मी घरात बसून. माह्यासाठीच हाय ते. मी पाण्यात जाईन, त्याईचा हात धरीन."

बाजारात सोडून दे म्हणावं, तितक्या साध्या आवाजात. वर म्हणाली, "तू वापस येऊन जा. माह्यासाठी थांबू नको."

त्या दिवसापासून किल्ली ज्योत्सनाच्या गादीखाली होती. आई नऊ किलोमीटर चालत जाऊ शकत नव्हती, गुडघे धरले होते. पण एस.टी. होती, येणाजाणारे ट्रॅक्टर होते. ज्योत्सना रोज सकाळी उठून आधी आईचं अंथरूण बघायची. तिला एकच करायचं होतं. गाडी तिथं का थांबते ते शोधायचं आणि आईसमोर ठेवायचं, की हे बाबा नाहीत.

टेकचंद मिस्त्री आठ दिवसांनी आले. कारध्याला त्यांचं गॅरेज होतं, तुलारामची गाडी त्यांच्याशिवाय कुणी उघडली नव्हती. दसऱ्याच्या आधीपासून ते नागपूरला मुलीकडे होते. डोळ्यांची दोन ऑपरेशनं, मग महिनोन्महिने धूळ-धुराला बंदी. मोटारसायकलवरून उतरून ते आधी जिजाबाईजवळ जाऊन बसले. मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. चाक गरगर फिरलं.

"थंडी असली का गरीब गाय हाय," ते म्हणाले. "किती चाकं तापते?"

"चारही. पुढची जास्त."

"थांबल्यावर पायडल कसं लागते?"

"दगडासारखं. जातच नाही खाली."

"अन् दरवेळी इथूनच, थंडीच काढता?"

"हो."

टेकचंदने जॅक सोडला. नवा चष्मा काढून सदऱ्याने पुसला. "चार चाकं एकसाथ धरते म्हणजे चाकात काही नाही, वरती हाय. पण तुह्या मनात वेगळंच हाय, पोरी. मले दिसते. मंग असं करू. गाडी उलटी नेऊ, पवनीकडं. तेवढीच चाल, तेवढेच ब्रेक. नवव्या किलोमीटरले थांबली तं बिमारी गाडीची हाय."

"नाही थांबली तर?"

"तं माह्या हातचं काम नाही."

ज्योत्सनाने कागदावर लिहून ठेवलं होतं: पांगारबोडीपर्यंत सात गतिरोधक, दोन वळणं, गुरं रस्ता ओलांडतात ती एक जागा. पवनीच्या रस्त्यावर ती तितकेच ब्रेक मारत निघाली, लागले तिथे आणि न लागले तिथेही. मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "बाई, रस्त्यात काही दिसून राहिलं का तुमाले?" टेकचंद हसले, ती हसली नाही. तिचं लक्ष किलोमीटरच्या आकड्यांकडे होतं.

पाच किलोमीटर. सहा. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, बांधांमधून लाखोळीच्या डाळपिकाचा हिरवा पट्टा. सातव्याला स्टिअरिंग जड लागलं की तसा भास झाला ते तिला ठरवता येईना. आठव्याला गाडी पुन्हा हलकी पळाल्यासारखी वाटली, आणि त्या क्षणी ज्योत्सनाच्या छातीत काहीतरी उसळलं. तिला ते ओळखू यायला थोडा वेळ लागला. तो आनंद होता. इथं नाही थांबत. तिथंच थांबते. म्हणजे ते आहेत.

मग ओढ सुरू झाली. इंजिन कण्हायला लागलं, वेग तीस, वीस, दहा. तिने पाय ब्रेकवर ठेवलाच नव्हता. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. निघाल्यापासून नऊ किलोमीटर आणि वर थोडं.

तिथं काहीच नव्हतं. बोडी नाही, पाळ नाही, कुणाच्या नावाचा दगड नाही. विजेचा एक खांब आणि एक पळस. ज्योत्सना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा वडील गेल्यासारखं वाटलं.

खिडकीतून तो गोडसर वास आत आला.

टेकचंद पाना घेऊन पुढच्या चाकापाशी वाकलेच होते, की बांधावरून एक म्हातारा झपझप येताना दिसला. धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याने भरलेली बाल्टी. बोलावल्याशिवाय. तो थेट गाडीच्या पुढच्या चाकाकडे गेला, जणू रोजचंच काम.

"थांबा बाप्पा, एकदम नोका ओतू, तापलं हाय," टेकचंद म्हणाले.

"मले मालूम हाय. आधी बाजूले, मंग चाकावर. तुलारामभाऊनंच सांगतलं हाय." म्हाताऱ्याने बाल्टी खाली ठेवली आणि खिडकीत डोकावून पाहिलं. "ते नाही आले का आज?"

ज्योत्सना म्हणाली, "मी त्यांची मुलगी."

"तेच म्हटलं. नाक तेच हाय. मी वासुदेवराव, हे वावर माह्यं. दिवाळीपासून बुधवारच्या बजाराले जाताना त्याईची गाडी हितंच बसते. म्हणे, म्हातारी झाली, दम घेते. म्हून मी बाल्टी भरून ठेवतो बांधावर. मधात लय दिवस दिसले नाही. पण मागच्या बुधवारी येऊन गेले वाटते. मी लग्नाले गेलो होतो. आलो तं बाल्टी खाली."

चाकाखाली पान्याचा आवाज थांबला.

"जनावरानं पेलं असन," टेकचंद खालूनच म्हणाले.

"वर फरशी झाकून ठेवतो मी. अन् जनावर पेऊन फरशी वापस ठेवते का गा?"

मागच्या बुधवारी गाडी अंगणात होती आणि किल्ली ज्योत्सनाच्या गादीखाली. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एका माणसाची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. तिला सांगता आलं असतं. तिने नाही सांगितलं.

टेकचंदने चाकामागचं निप्पल अर्धा आटा सैल केलं. चिळकांडी उडाली, आणि घट्ट धरलेलं चाक सुटलं. त्यांनी ते पुन्हा कसलं, बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून कुरडईसारखं वेडंवाकडं झालं होतं. ते बघत राहिले. मग त्यांनी गवताची काडी डब्यात बुडवली आणि तिच्या टोकाचा थेंब वासुदेवरावांच्या बाल्टीत सोडला.

"ब्रेक ऑइल पाण्यात विरून जाते," ते म्हणाले. "हे पाय."

थेंब विरला नाही. तो पाण्यावर गोल पसरला, पिवळा, मध्ये एक डोळा असल्यासारखा. उन्हात त्याच्या कडेने रंग फिरत होते.

वासुदेवरावांनी बोट बुडवून नाकाशी नेलं. "हे तं टोळीचं तेल व्हय! मोहाच्या टोळीचं, बियांचं. आमच्या घरी आता-आतापर्यंत ह्याच्यातच तळत होते. गाडीले कोण पाजलं बाप्पा हे?"

पाजलं. ज्योत्सनाने डोळे मिटले.

दसऱ्याला त्यांच्या घरी हत्यारांच्या जोडीने डोंग्याची, म्हणजे लाकडी होडीची, पूजा होते. जाळं, वल्हं, डोंगा धुवायचा, कुंकू लावायचं आणि मग डोंग्याच्या लाकडाला टोळीचं तेल पाजायचं, वर्षभर त्याने पाण्यात दगा देऊ नये म्हणून. लाकूड तेल पीत जातं, घरची बाई ओतत जाते. ते काम बाईचंच. वापरलेली जुनी गाडी घरात आली तेव्हा आईने तिलाही कुंकू लावलं होतं. लोखंडावर तेल नुसतं ओघळलं, तेव्हा ती हिरमुसली होती. 'पोटात नाही गेलं तं पाजलं कसं म्हणाचं?' हे वाक्य ज्योत्सनाने ऐकलं होतं, हसलीही होती. त्यानंतर दसऱ्याला ती क्वचितच घरी आली. बॉनेटखाली तो एक पांढरा डबा होता, झाकण हाताने फिरणारं, बाहेरून दिसावं असं आतलं तेल, आणि ते रेघेच्या किंचित खाली. भुकेल्यासारखं.

वासुदेवराव बैलांकडे गेल्यावर टेकचंद पळसाखाली बसले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "दरसाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुहा बाप माह्या दारात. म्हणे, पूर्ण ऑइल काढ, नवीन भर. मी एकदा इचारलं, अबे दरसाल काहून? तं म्हणे, टेकचंद, घरातली गोष्ट हाय. बदल अन् चूप राय. तसं तेल एक दिवस राहिलं तं काही बिघडत नाही. पण राहू दिलं तं रबर फुगते. फुगलं का ऑइल वापस यायचं छेद बंद. मंग जेवढे ब्रेक मारले तेवढे चाकावर जमा होत जाते, सुटत नाही. तापते, अजून धरते. नऊ किलोमीटरात पुरे."

"यंदा?"

"औंदा माह्या दुकानाले कुलूप." ते चष्मा काढून हातात फिरवत राहिले. "फोन आला होता त्याचा. मी म्हटलं, वरठीच्या गॅरेजात दाखव, कोणीबी करते. तं म्हणे, दुसरा मिस्त्री इचारन, कोण टाकलं. मंग चार लोकात बोलन. तिच्या कानावर जाईन. तू ये, मी थांबतो."

पिंप घेऊन तुलाराम पाळीवरून उतरले ते चाकाला पाणी आणायला. ज्योत्सनाला ते आता स्वच्छ दिसलं. पुढचं, पाण्यातलं, तिने बघितलं नाही.

दोन दिवस टेकचंदने अंगणात काम केलं. ज्या ज्या रबराला ते तेल लागलं होतं ते सगळं काढलं. मास्टर सिलिंडरचं किट, चाकांची किटं, पाइप. नळ्या धुतल्या, नवं ऑइल भरलं. आई ओट्यावरून बघत होती आणि काही विचारत नव्हती. निघताना टेकचंद हळूच म्हणाले, "आईले काय सांगशीन?"

"रबर जुनं झालं होतं म्हणून."

"सांग." त्यांनी मोटारसायकलला किक मारली. "बापाचीच पोरगी हायेस."

ते गेले त्या दिशेने ज्योत्सना बघत राहिली. त्यांना लागावं म्हणून बोलले होते की सहज, तिला कळलं नाही. पण लागलं.

ती ओट्यावर येऊन बसली तेव्हा आई सुपात लाखोळीची भाजी खुडत होती.

"झाली नीट?"

"झाली. पवनीच्या रस्त्यावरही थांबत होती, आई. तितक्याच अंतरावर. तिथं काही नाही. नुसतं वावर आहे."

आईची बोटं चालूच राहिली. "मंग कायनं थांबत होती?"

वाक्य तयार होतं. ज्योत्सनाने तोंड उघडलं, आणि तिला ते वाक्य वडिलांच्या आवाजात ऐकू आलं, अकरा वर्षं न बोललेलं. पुढच्या दसऱ्याला इथंच, याच अंगणात, आई वाटी घेऊन उभी राहणार होती.

"तेलानं," ती म्हणाली. "टोळीच्या. गाडीला तेल पाजायचं नसतं, आई. तिच्या आतलं रबर फुगतं."

सूप मांडीवर स्थिर झालं. आई म्हणाली, "इतके साल तं काही नाही झालं."

"दुसऱ्या दिवशी बाबा काढून टाकायचे. टेकचंदकाकांकडे जाऊन. दरवर्षी."

"दरसाल?"

"हो."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. ज्योत्सनाला आधी तो हसण्याचा वाटला. "अकरा साल येडी बनवलं मले म्हाताऱ्यानं. अन् मी म्हणत राहिली, पाय, कशी चालते गाडी माह्या तेलावर. मान डोलवत होता! म्हणे, तुह्या हाताले गुण हाय." मग तो आवाज थांबला. आईने वर पाहिलं. "अन् औंदा?"

ज्योत्सनाने नजर हलवली नाही. "यंदा काका नव्हते. दुसऱ्या कुणाला दाखवलं तर तुझं नाव निघेल म्हणून बाबा थांबले."

दारासमोरून दोन शेळ्या गेल्या. आईच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते ज्योत्सनाला पुढे कधी कुणाला सांगता आलं नाही. "तू काहून सांगतलं मले?" आईने विचारलं. आवाज कोरडा होता.

"पुढच्या वर्षी गाडी मी चालवणार आहे म्हणून."

आईने सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठली, अंगणात गेली. ज्योत्सना अर्धी उठली, पण आई फाटकाकडे वळली नाही. तिने गाडीचं दार उघडलं, कष्टाने वर चढली, ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसली आणि दार लावून घेतलं. काच वर होती.

काचेमागे तिचे ओठ हलताना दिसत होते. आधी हळू, मग हात हलवून, बोट नाचवून. भांडण होतं ते. बायको नवऱ्याशी भांडते तसलं. मध्येच ती थांबायची, मान वाकडी करून ड्रायव्हरच्या जागेकडे ऐकत राहायची, मग पुन्हा तोडून काहीतरी म्हणायची. ज्योत्सना ओट्यावरून बघत राहिली. ते थांबणं एकसारखं नव्हतं. कधी एका शब्दाएवढं, कधी मोठ्या वाक्याएवढं. एकदा तर आई मधेच बोलायला गेली आणि गप्प झाली, कुणी तिचं बोलणं अडवल्यासारखी.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा दार उघडलं. आई खाली उतरली, पदराने तोंड पुसलं आणि सूप उचलायला वाकली.

"काय म्हणाले?" ज्योत्सनाच्या तोंडून निघून गेलं.

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं की बघायची.

"तुले काय कराचं?" ती म्हणाली. "आमच्या दोघाईचं हाय ते."